नेपच्यूनचा चिकू

शनिवार, संध्याकाळ. डहाणू.

आज सातवीला मैदानावर ग्रहमाला फिरवली. मध्ये मी सूर्य, भोवती आठ मुलं, प्रत्येकाच्या हातात चिकू. घंटा झाली तशी पृथ्वी, मंगळ, गुरू, सगळ्यांनी आपापला ग्रह खाऊन टाकला. नेपच्यून झालेली मनीषा मात्र तशीच उभी. म्हटलं, "खा की गं." तर म्हणाली, "बाई, माझी फेरी कुठे झाली?"

त्या फेरीला दीडशेहून जास्त वर्षं लागतात, हे मीच शिकवलेलं! चिकू माझ्या हातात ठेवून गेली. "सांभाळा. सोमवारी इथूनच पुढे चालेन."

तिला सगळं कळलं, की काहीच नाही? चिकू मघापासून दाबून बघतेय, मऊ पडलाय. दुसरा दिला तर म्हणेल, "बाई, हा माझा नेपच्यून नाही."