बरणीचं झाकण

भिमाबाईस पुण्याहून जयभीम.

नात चैतालीकडं मी मजेत हाय, काळजी करू नको. शेळी व्याली का?

गुडघा दाखवायला गेलो, तर डॉक्टरीणबाईनं मुठीत जोर मोजायचं एक यंत्र दिलं अन् म्हणली, जोर लावून दाबा. काटा जरासा हालला अन् थांबला. मला हसू आलं, तिला न्हाय आलं.

"रात्री काय खाता?" तिनं इचारलं. म्हणलं, साठीपासनं निस्त्या कण्या अन् ताक. म्हाताऱ्यानं हलकं खावं. ती म्हणली, "त्यानंच अंग वाळत चाललंय. या वयात डाळ, अंडी, शेंगदाणे जास्त लागतात."

हे उलटंच की गं! आपल्या सास्तुर गावात तर सगळे म्हातारे असंच खातात. दगडूतात्याला काठी लागली ती ह्यानंच का? त्याला इचार, रात्री काय खातोस म्हणून.

आता मी रोज दोन अंडी खातो.

एक मात्र कळंना. इथं शेंगदाण्याच्या बरणीचं झाकण मला उघडंना, शेवटी नातीनं उघडलं. घरी तर तू झाकण मलाच उघडाय देतीस अन् ते एका झटक्यात निघतं.

भिमे, खरं सांग, तू ते आधीच सैल करून देतीस का?

तुझाच,
नानासाहेब