मडक्याची कोंबडी

मु. कागल,
ता. १७ जानेवारी १९१३, जुम्मा

चमनभाईस फातिमाचा सलाम. भाभीला सलाम, पोरांना दुवा.

इकडे सगळे बरे आहेत. थंडी फार आहे, सकाळी रांजणातलं पाणी हात लावू देत नाही. तुझं पत्र केरबा गाडीवानानं परवा आणून दिलं. कोंबडी मुंगसानं नेली तरी चार दिवसांची पिल्लं जगली कशी, आणि ते मडक्याचं काय ते नीट कळव, असं भाभीनं विचारलंय. तर आधी तेच लिहिते. तिला सावकाश वाचून दाखव. शाळेत असल्यापासून तू वाचताना धावतोस.

एक खोल डालगं घ्यावं, जुनं असलं तरी चालेल. बाहेरून शेणानं सारवून उन्हात वाळवावं, म्हणजे वारा शिरत नाही. वरच्या अंगाला बोट जाईल एवढी भोकं मात्र ठेवावीत, नाहीतर पिल्लं गुदमरतात. आत भाताचा तूस पसरावा. मधोमध मडकं, त्यात कढत पाणी, तोंडाला चिंध्यांचा बोळा घट्ट, आणि मडक्याभोवती जुन्या घोंगडीचा तुकडा गुंडाळावा. वरून पोतं टाकावं. एवढंच. विकत काही आणायचं नाही. पिल्लं मडक्याला अशी चिकटून बसतात की खरी कोंबडी रुसावी. गल्लीत सगळे त्याला मडक्याची कोंबडी म्हणतात.

पाणी किती कढत, हे भाभी विचारील. ते पिल्लंच सांगतात. एकमेकांच्या डोक्यावर चढून कलकलाट करू लागली की मडकं गार झालं. कडेला जाऊन चोची उघड्या टाकून बसली की ऊब जास्त झाली, पोतं जरा सारावं. विखरून गप झोपली की आपणही झोपावं. प्यायचं पाणी पसरट वेळणीत ठेवावं आणि वेळणीत खडे घालावेत, नाहीतर ती खुळी जात पाण्यातच बसते आणि गारठून मरते. खायला भिजवलेल्या कण्या. पिल्लं वाढतील तशी ऊब कमी करत जावी. मी माया करत बसले आणि पिसं फुटायला उशीर झाला.

आणि कापूस घालू नये. मी घातला होता. पिंजाऱ्याच्या घरात ऊब म्हटली की दुसरं काय सुचणार? तुझ्या दाजींनी शेवटचा पिंजलेला कापूस कोपऱ्यात तसाच होता. गिऱ्हाईक न्यायला आलं नाही आणि मलाही तो कुणाला द्यावासा वाटला नाही. तो पसरला. सकाळी पाहते तर कुणाच्या पायांना तंतू करकचून गुंडाळलेले, आणि दोघांनी तो गिळलेला. त्यांच्या गळ्याशी गोळा झाला होता. ती दोन्ही मेली. शेजारच्या शालूबाई बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अगं, गादी घालतीयास व्हय त्यास्नी? तूस घाल की." पाटीभर तूसही त्यांनीच दिला. कापूस मी काढून निवडला आणि त्याची उशी केली. ती कुणाला देणार नाही.

कोंबडी तुम्ही अर्धलीनं दिलेली, म्हणजे जगतील त्यांतली निम्मी तुमची. ती केरबाच्या याच गाडीनं येत आहेत. तलंगा होऊन अंडी देतील अशी दिसतात ती जास्त तुमच्याकडे घातली आहेत, भाभीनं बघून घ्यावं.

इथवर भाभीला वाच. मग पत्र खिशात घाल आणि पुढचं मशिदीकडे जाताना एकटा वाच.

तू लिहिलंस, आता पिल्लं घेऊन इकडेच ये, गाडी पाठवतो, मागचा गोठा भाभीनं झाडून ठेवलाय. वाचून मला आधी हसू आलं. इद्दत संपायच्या तोंडावर तूच निरोप धाडला होतास की घर लहान आहे, पोरं मोठी झाली, थोडं थांब. माणसाला जागा नव्हती, कोंबड्यांना झाली.

तुला एक कळवलेलं नाही. नवऱ्यामागे इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरात काढायचे आणि मग भावानं येऊन माहेरी न्यायचं, ही आपल्याकडची रीत. निरोप आला होता तरी तू येशील असंच मला वाटत होतं. म्हणून त्या दिवशी मी सकाळपासून बोचकं बांधून दाराशी बसले. दुपारी गाडी थांबली. मी उठून पायांत वहाणा घातल्या. उतरला केरबा, एका हातात अंड्यांवर बसायला आलेली खुडूक कोंबडी, दुसऱ्या हातात फडक्यात अंडी. "चमनभाईनं धाडलीया," तो म्हणाला. "म्हणलं, करमंल तुमास्नी."

थोरले दीर शमशुद्दीन ओट्यावरच होते. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलंय आणि माझी खोली त्यांना हवी होती. त्यांनी विचारलं, भाऊ न्हाय आला? मी म्हटलं, कोंबडी आली. आत जाऊन रडले. फार रडले, भाई. तुझे दाजी गेले तेव्हा घरात माणसं होती, तू होतास. एवढं एकटं तेव्हा वाटलं नव्हतं.

त्यानंतर दर जुम्म्याला दीर तेच विचारायचे. परवा तुझं पत्र आलं, तेव्हा जेवताना म्हणाले की बरं झालं, आता खोली रिकामी होईल. माझी जाऊ इमामबी, जिच्याशी चुलीवरून माझं रोज वाजतं, तिनं पळी खाली ठेवली.

"सोप्याला कूड घाला आन् पोराला तितं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ही कुटं बी जायाची न्हाय. ज्यांनी तवा न्हेली न्हाय, त्यास्नी आता कशाला द्यायची?"

काल दीरांनी सोप्याला कुडाची भिंत घालायला माणूस आणला.

तेव्हा गाडी पाठवू नकोस. मी येणार नाही. मला राग आला आहे आणि तो मी झाकत नाही. भाभीपुढे तुझं तोंड उघडत नाही, हे मला तुझं लग्न झाल्यापासून ठाऊक आहे. अम्मा गेल्यावर तूच मला वाढवलंस, तेही विसरले नाही. पण एकदा, त्या एका दिवशी, तू बोलायला हवं होतंस. इमामबीचं माझं रक्ताचं काही नाही, आणि ती बोलली.

ईदेला ये. न्यायला नको, भेटायला ये. दोन दिवस राहा. माझ्या वाट्याच्या पिल्लांतलं एखादं कोंबडं तोवर कापण्याजोगं होईल.

तुझी बहीण,
फातिमा

ता. क. इथून पुढं पत्रावर "शमशुद्दीन पिंजारी यांच्या घरी" असं लिहू नकोस. नुसतं "फातिमा, कागल" लिहिलंस तरी पोचतं.