लग्न ठरल्याचा फोन

शहापूर,
२२ जून २००३

प्रिय दादा,

जयभीम. खुशाली विचारत नाही. तू बरा आहेस हे वंदनावहिनीने आईला सांगितलं, तेवढं मला पुरे. डोकं शांत झालं की लिहू म्हणून चार दिवस थांबले. होत नाही शांत. मग म्हटलं, तसंच लिहू.

मंगळवारी मी मुरबाडला आले होते. तुझ्या खोलीवर नाही, एमआयडीसीतल्या त्या औषधांच्या कंपनीत. एप्रिलमध्ये मुलाखत झाली तेव्हा प्रयोगशाळेतली जागा देतो म्हणाले होते, पण पत्र काही येईना. प्रयोगशाळेचे पाटणकर साहेब मला बघून गोंधळले. म्हणाले, "तुमच्या भावाचा फोन आला होता. तुमचं लग्न ठरलंय, तुम्ही येणार नाही म्हणून." जागा दुसऱ्याला देऊन पंधरा दिवस झाले होते. मी त्यांच्यासमोर खुर्चीत बसले होते. तुला खोटं पाडावं की स्वतःला, एवढाच प्रश्न उरला होता. मी तुला पाडलं. माझं लग्न ठरलेलं नाही, असं स्पष्ट सांगितलं.

लग्नच का सुचलं रे तुला? आजारी आहे म्हणायचंस. दुसरीकडे लागली म्हणायचंस. मुंबईला पीएचडीला नाव घातलं त्या दिवशी मार्गदर्शक सरांनी पहिलं काय विचारलं होतं, ते मीच तुला सांगितलं होतं. लग्न कधी करणार, कारण मुली अर्ध्यातून जातात. पाच वर्षं मी त्या एका वाक्याला उत्तर देत होते. सुट्टीच्या दिवशीही प्रयोगशाळेत जात होते, हाताला फोड आले तरी. आणि तेच वाक्य तू मुरबाडच्या कुठल्यातरी बूथवरून एका मिनिटात खरं करून टाकलंस.

तुला वाटलं, आता ही गुपचूप कॉलेजात रुजू होईल. इथल्या कॉलेजचं कायम जागेचं पत्र आलं तेव्हा तू माझ्याहून जास्त खूश होतास, ते मी पाहिलं. आबांनी पार उंबरमाळी गावापर्यंत सगळ्यांना सांगितलं, ह्या सोमाची पोर प्राध्यापक झाली. आई शेजारी पेढे देऊन आली. मला कुणी विचारलंच नाही. दोन वर्षं मी तिथे तासांवर शिकवलंय, दादा. प्रयोगशाळेत गॅस नाही, नळाला पाणी नाही. मुलं प्रयोग न करताच वहीत आकृत्या काढतात आणि मी त्यावर सही करते. शिकवणं कमी प्रतीचं आहे असं मी म्हणत नाही. वर्गात मी वाईट नव्हते. पण घरी येताना रोज वाटायचं, आज माझ्या हातून काहीच झालं नाही.

हे सगळं मी मे महिन्यात तुला सांगितलं होतं, मुरबाडच्या या कंपनीचंही. तू जेवणावरून उठलास. म्हणालास, "मी अंगाला ॲसिडचा वास घेऊन घरी येतो तो कुणासाठी? आता तू पन तोच वास घेऊन येनार?" त्यानंतर महिनाभर बोलला नाहीस. आई रोज म्हणायची, दादाचं ऐक गो, त्यानं तुज्यासाठी शिक्षण सोडलं. हे मी बारा वर्षं ऐकते आहे. रेल्वेच्या कामावर आबांच्या पायावर रुळाखालचा जड स्लीपर पडला, ते कामावरून घरी बसले आणि तू मुंबईतलं संशोधन अर्ध्यावर टाकून कारखान्यात शिफ्टला लागलास. मी तेव्हा बारावीत होते. तू सोडलंस ते खरं आहे. त्याचं ओझं मी कधी नाकारलं नाही. पण तू जे सोडलंस ते मी जगायचं, हे कधी ठरलं? आणि कारखान्यात काम करणारा माणूस खालचा, हे तुला कुणी शिकवलं? मी तर तुला कधी तसं पाहिलं नाही. तूच स्वतःला तसं पाहतोस आणि माझ्यावर चिडतोस.

एक गोष्ट मी तुझ्यापासून लपवली, तेवढी माझी चूक. मुलाखतीत पाटणकर साहेबांनी त्यांची एक अडचण सांगितली. माल काळपट उतरतो, कितीही धुतला तरी. मी फळ्यावर उपाय मांडला. तो माझा नव्हता. तुझ्या मुंबईच्या दोन वर्षांच्या वहीतला होता, आईच्या पेटीतून काढून मी ती अख्खी वाचली होती. हे कुणाचं काम, असं त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी करून पाहिलं आणि माल पांढरा आला. मग त्यांनीच निरोप धाडला, पत्र पाठवतो, तुम्ही रुजू व्हा आणि भावालाही प्रयोगशाळेत घेऊन या. तुला आधी सांगितलं असतं तर बहिणीच्या वशिल्याने येणार नाही म्हणाला असतास. म्हणून म्हटलं, आधी आपण आत जाऊ, मग याला ओढू. एकाच टेबलावर काम करायचं होतं मला तुझ्याबरोबर. मी येणार नाही हा तुझा निरोप त्यांना ऑफिसातून मिळाला, तेव्हा त्यांना वाटलं, दोघंही नाही.

माझी जागा गेली. कॉलेजला मी काल नकार कळवला, आबांना अजून सांगितलेलं नाही. वापीच्या एका कंपनीने बोलावलंय, एक तारखेला जाते. मुरबाडला असते तर रोज रात्री घरी आले असते, हे आईला तूच समजाव. पण तुझं नाव पाटणकर साहेब विसरलेले नाहीत. मंगळवारी निघताना मी त्यांना तुझ्यासाठी विचारलं, रागात होते तरी विचारलं. सोमवारी तीस तारखेला अकरा वाजता त्यांनी तुला बोलावलंय. वही सोबत पाठवते आहे. जायचं नसेल तर फोन करू नकोस. त्यांच्या समोर उभा राहा आणि स्वतःच्या तोंडाने सांग की मला हे काम नको. सांगता आलं, तर मी तुला पुन्हा कधी काही म्हणणार नाही.

तुझीच, अजून न निवळलेली,
संघरत्ना