घराजवळचा बोअर

४ जानेवारी
आपल्या पंपाची जमिनीखालची टाकी गळते म्हणे. पेट्रोल मुरत मुरत भूजलापर्यंत गेलंय. पंपामागे आमचं घर, तिथल्या नळालाही वास येतो असं सौ. म्हणते. मी तीनदा हुंगलं. काही नाही. अर्धं आयुष्य पेट्रोल विकण्यात गेलं, मला वास कळणार नाही? सौ.ला राईचा पर्वत करायची सवयच आहे.

५ जानेवारी
सौ. चिमीला घेऊन माहेरी गेली. घराजवळच्या जमिनीतलं पाणी तपासणीत लागोपाठ तीनदा पास झालं तरच परत येईन, म्हणाली. फार तर पंधरवड्याचा प्रश्न. संकल्प: रोज व्यायाम, शिवाय भूजल शुद्ध करणे.

२० जानेवारी
टाकी उपटून काढली. पंपाभोवती तपासणीचे चार बोअर मारले, चौथा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. लॅबची मॅडम दर तीन महिन्यांनी नमुने घेणार! दर आठवड्याला घ्या म्हटलं. तर म्हणे, जमिनीतलं पाणी तुमच्या सोयीने वाहत नाही. उद्धट बाई.

२ फेब्रुवारी
पहिला रिपोर्ट. तीन बोअर नापास, घराजवळचा पास! ताबडतोब फोन केला. सौ.चा आवाज भरून आला होता. (सासूबाई म्हणाल्या, सर्दी झालीय.)

११ मार्च
पेट्रोल उपसायचं मशीन रात्रंदिवस घरघरतंय. ते थांबलं की व्यायाम. चिमीने फोनवर विचारलं, बाबा, झालं का? झाल्यातच जमा आहे, म्हटलं. फोन ठेवल्यावर डोळ्यांत पाणी. मशीनचा धूर असणार.

२८ एप्रिल
दुसऱ्यांदा पास! चादरी धुतल्या. चिमीची खोली झाडली. दोनदा झाडली. घर खायला उठतं.

१५ जुलै, सकाळ
आज शेवटचा नमुना. पास होणारच, पण जमिनीचा काय भरवसा? मॅडम यायच्या आत बोअरमध्ये पिण्याच्या पाण्याचे कॅन ओतले. पाइपचं तोंड अरुंद. म्हणून गिऱ्हाइकाला पेट्रोल मोजून दाखवायचं पंपावरचं माप घेतलं, त्याला चोच आहे. आधी हुंगून पाहिलं. एकदम स्वच्छ. उगाच नाही लोक मला धोरणी म्हणत.

१५ जुलै, दुपार
नमुन्याआधी मॅडमने बोअर उपसून सगळं पाणी टाकून दिलं. साचलेलं पाणी तपासत नाहीत म्हणे. माझी मेहनत पाण्यात. असो, नुकसान तर काही नाही.

३० जुलै
नापास. बाकीचे तिन्ही सुधारले, घराजवळचाच बिघडला. मॅडमने विचारलं, वरून काही ओतलंत का? फक्त शुद्ध पाणी, म्हटलं. कशाने? मापाने. पेट्रोलच्या? हो. मग म्हणाली, तुम्ही नुसते हात बांधून बसला असतात तरी पास झाला असता. आता मोजणी पहिल्यापासून.
जेवण गेलं नाही.

३१ जुलै
सौ.ला फोन केला. खरं सांगायचं ठरवलं होतं. लॅबचं मशीन बिघडलं, असं सांगितलं. ती चिडली नाही. चिडली असती तर समजूत काढता आली असती. शांतपणे म्हणाली, चिमीचं नाव इथल्याच शाळेत घातलंय, पहिलीत. कधी? गेल्या महिन्यात. म्हणजे नमुन्याच्याही आधी.
संध्याकाळी पाण्याचा कॅन आणायला गेलो. दुकानदाराने विचारलं, एकच? एकच पुरतो, म्हटलं.