पंप चालू होता

प्रिय छोट्या,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. हादरलेली फक्त मी आहे. सकाळपासून पाना हातात घेतलेला नाही.

आपल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी तिसऱ्यांदा गॅरेजमध्ये आली, इंजिनाचा तोच दिवा लागलेला. ऑफिसातल्या खुर्चीवर बसून तू सगळं विसरला असशील, म्हणून सांगते. गार इंजिन सुरू होताना पेट्रोल जास्त पितं आणि ते सगळं काही जळत नाही. धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टरही तापल्याशिवाय कामाला लागत नाही. म्हणून एक छोटा विजेचा पंप बाहेरची ताजी हवा थेट एक्झॉस्टमध्ये फुंकतो. उरलंसुरलं पेट्रोल तिथेच जळतं, कन्व्हर्टर पटकन तापतो. मिनिटभरात पंप थांबतो आणि मधली झडप मिटते, म्हणजे गरम धूर उलटा पंपात शिरत नाही.

बाबांनी निदान केलं होतं, पंप मेला. नवा बसवला, दिवा परत लागला. मग दुसरा नवा. पार्टवाल्याला तर त्यांनी असं झापलं की बिचारा आमच्या गल्लीत फिरकेनासा झाला. मीही बाबांचीच री ओढली. बाबांचा कान चुकेल असं मनातसुद्धा आलं नाही. कान असताना हात कशाला घालायचा, हे त्यांचं वाक्य तुलाही पाठ असेल.

आज इंजिन पुरतं गार असताना मी चावी फिरवली. पंप असा घोंघावला की समोरच्या शिंप्याने मान वर केली. बाबा त्याच पंपावर वाकले होते, कान वीतभर अंतरावर. सरळ झाले आणि म्हणाले, "बघ, हाही मेलेलाच."

मला आधी वाटलं, थट्टा करताहेत. मग त्यांचा चेहरा बघितला, त्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. मी त्यांचा हात धरून पंपावर ठेवला. थरथर जाणवली तशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पंप थांबला, तरी हात तिथेच होता. मग मी झडप खोलून पाहिली. दोष तिच्यात होता, ती अडकून बसली होती. पंप तिन्ही चांगले होते.

कधीपासून ऐकू येत नाही, असं मी विचारलं. ते पाठमोरे होते, त्यामुळे उत्तर आलं नाही.

आता पत्राचं खरं कारण लिहिते. दर रविवारी बाबा दोनदा "हं, हं" करून फोन आईकडे देतात आणि मग तू मला विचारतोस, "मी गॅरेज सोडलं त्याचा बाबांचा राग अजून गेला नाही का?" मीही तुला "वेळ दे" म्हणत आले. आज जेवताना ते आपणहून म्हणाले, "छोट्या फोनवर नुसता पुटपुटतो. माझ्यावरचा राग गेला नाही वाटतं त्याचा."  म्हणून म्हणते, फोन पुरे झाले, तू ये. त्यांच्या अगदी समोर उभा राहा आणि मोठ्याने बोल. आयुष्यात एकदा बाबांवर ओरडायची संधी मिळतेय, सोडू नकोस.

वाट बघणारी,
तुझीच ताई