फोटोपुरती आई

प्रिय झिबेक,

तुरात सोमवारी ट्रक घेऊन मॉस्कोकडे निघतोय. त्याच्या हाती हे पत्र आणि कुरुतच्या सुक्या गोळ्यांची पिशवी देते आहे. दही या वेळी जरा जास्तच खारलं गेलं, त्यामुळे गोळे चहाबरोबर खा, नुसते नको. जे लिहायचं आहे ते फोनवर बोलण्यासारखं नाही. तुझी अकमराल फोनला कान चिकटवून बसते, आणि माझ्या जिभेवर सध्या जे शब्द आहेत ते सहा वर्षांच्या मुलीच्या कानावर पडू नयेत. महिना होऊन गेला, पण माझ्या तोंडाची कडू चव काही जात नाही. गरम चहा पिते, वर तुझ्या काकूने दिलेला जर्दाळूचा मुरंबा खाते, तरी ती जागची हलत नाही.

बत्तीस वर्षं मी गावच्या वाचनालयात काढली. एक खोली, एक शेगडी, आणि खिडकीखालच्या फळीवर चित्रांची पुस्तकं. ती पुस्तकं घरोघरी हिंडून परत यायची तेव्हा त्यांना मटणाच्या रश्श्याचा वास यायचा, कडा चघळलेल्या असायच्या. मी कुणाला कधी बोलले नाही. चित्रांचं पुस्तक मांडीवर घेऊन वाचायचं असतं, त्याला डाग पडणारच. तुला ते बकरीचं पुस्तक आठवतं का, शेवटची चार पानं फाटलेलं? मग शेवट ज्याने त्याने आपापला सांगायचा. तू बकरीला डोंगरापलीकडे न्यायचीस, मी तिला घरी आणायचे, आणि तुझे वडील दर वेळी तिला कढईत घालायचे. तू भोकाड पसरायचीस, ते हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी तूच पुन्हा ते पुस्तक त्यांच्या पुढ्यात नेऊन टाकायचीस. ते गेले त्या वर्षी मी ते पुस्तक उघडून पाहिलं होतं. बकरीच्या पोटावर त्यांच्या अंगठ्याचा तेलकट ठसा तसाच आहे.

असो. ऑक्टोबरात राजधानीतून एका संस्थेची पांढरी गाडी आली. गाडीवर कापडी फलक होता, ‘घर मिळून वाचतं’. सगळ्या देशातल्या घरांना आवडणारी बारा चित्रपुस्तकं निवडली आहेत, ती घराघरांत कशी वाचली जातात याचे फोटो काढायचे आहेत, असं त्यांनी सांगितलं. त्यांची मुख्य बाई एल्नुरा. वय पस्तिशीचं, बोलणं इतकं गोड की दात शिवशिवावेत. मला दर वाक्याला ‘अपा, अपा’ म्हणत होती, जणू मीच तिला जन्म दिला. शाळेच्या मोठ्या खोलीत त्यांनी आपल्याच गावातून गोळा केलेली नक्षीदार लोकरी चटई अंथरली, मागे खोटी खिडकी लावली, खिडकीत खोटी फुलं. बारा पुस्तकं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती. मुलं पुढे झेपावली तशी एल्नुरा ओरडली, “हात लावू नका! तळलेले बोर्सोक खाल्लेत ना सगळ्यांनी? तेलाचे हात मागे!” मुलांनी हात पाठीमागे बांधले, झिबेक. पुस्तकं पाहून हात पाठीमागे!

मग कळलं की फोटोत आई, वडील आणि मूल अशी तिघं हवीत. आता आपल्या गावात अशी तिघं कुठून आणणार? पहिलीच्या वर्गात तेवीस मुलं. त्यातल्या सात जणांचे आईवडील दोघं घरी. बाकीच्यांचं कुणी मॉस्कोत, कुणी कझानमध्ये, कुणी अकमरालच्या बापासारखं, तुझ्या कुबातसारखं, सायबेरियात विटा वाहतंय. मुलं आजी-आजोबांकडे. म्हातारा सादिर आपल्या नातवाला घेऊन, ठेवणीतली पांढरी टोपी घालून, दाढी विंचरून आला होता. एल्नुरा त्याला म्हणाली, “आजोबा, तुम्ही फार छान दिसताय, पण आम्हाला तरुण कुटुंब दाखवायचंय.” सादिर म्हणाला, “पोरी, हा दोन वर्षांचा असल्यापासून माझ्या मांडीवर वाढलाय. आज बसला तर तुझा कॅमेरा फुटेल काय?” सगळे हसले, तीही हसली, आणि मग त्याला हळूच दाराबाहेरच्या बाकावर नेऊन बसवलं. त्याच्या नातवाला गाडीचा ड्रायव्हर वडील म्हणून मिळाला. गुळगुळीत दाढीचा, कोरा सदरा घातलेला. तोच ड्रायव्हर त्या दिवशी नऊ मुलांचा बाप झाला. सदरे तेवढे बदलत होता.

आणि आई? एल्नुराबरोबर एक मदतनीस मुलगी होती, तिला भरतकामाचं जाकीट चढवलं. मुलं एकामागून एक तिच्या मांडीवर. पुस्तक उघडायचं, बोट चित्रावर, हसायचं, फोटो, पुस्तक बंद, फडक्याने पूस, पुढचं मूल. एका मुलीने पान उलटलं तर मदतनीस म्हणाली, “नको गं, याच पानावर रंग चांगला येतो.” गोष्ट पुढे काय झाली हे कुणालाच कळलं नाही. मला शिसारी आली. मेंढरांना लस टोचतात तेव्हासुद्धा माणसं मेंढराशी दोन शब्द बोलतात.

अकमरालची पाळी आली. ती मांडीवर बसली, निमूट, पाठ ताठ. फोटोवाला म्हणाला, “शाब्बास! आता आईकडे बघून हस.” तिने मान वळवली आणि खोलीभर बघितलं. मग म्हणाली, “कुठाय?” 

लोक हसले. काही बायकांनी डोईच्या रुमालाने डोळे टिपले, पण हसल्याही. मदतनीस बिचारी लाल झाली. तिने अकमरालला कवेत घेतलं आणि म्हणाली, “मी आहे ना, आजच्या दिवस.” अकमरालने तिच्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. फोटोवाल्याने तीनदा प्रयत्न केला. नाही म्हणजे नाही. एल्नुरा घड्याळ बघायला लागली.

इथवर मी सगळं त्यांच्यावर ढकललं आहे. वाचताना तुला वाटलं असेल की तुझी आई भिंतीशी उभी राहून संतापत होती. तसं नव्हतं. कुणाच्या घरी कोण आहे आणि कोण नाही, ही यादी त्यांना मीच करून दिली होती, सुवाच्य अक्षरात, दोन दिवस आधी. फोटो चांगले आले तर बाराही पुस्तकं वाचनालयाला मिळतील असं एल्नुराने कबूल केलं होतं. अकरा वर्षांत आपल्याकडे एक नवं चित्रपुस्तक आलेलं नाही. मला हाव सुटली. म्हणून मी पुढे झाले, अकमरालच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, “हास बघू पटकन. हसलीस तर तुझी आई लवकर येईल.” 

आणि ती हसली. दोन पडलेल्या दातांची फट दाखवून, डोळे बारीक करून, त्या परक्या मुलीच्या गळ्यात हात टाकून हसली. फोटोवाला म्हणाला, “बस! हाच!”

पुस्तकं आली. बाराच्या बारा. सुंदर आहेत, हे मला आणखीच लागतं. वाईट असती तर चुलीत घातली असती. एका पुस्तकात बर्फातून चालणाऱ्या उंटाचं असं चित्र आहे की थंडी वाजावी. इतर मुलं ती फाटेस्तोवर वाचतात. अकमराल मात्र ज्या पुस्तकासोबत तिचा फोटो काढला त्याला शिवत नाही. मी विचारलं तर म्हणाली, “हसले तरी आली नाही.” मी शेणाच्या गोवऱ्या आणायला म्हणून बाहेर गेले आणि गोठ्यात बराच वेळ उभी राहिले. स्वतःची अशी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती.

फोटो काढल्यानंतरच्या रविवारी तू नेहमीसारखा फोन केलास. आपण तिघी फोनवर वाटून वाचतो ते पुस्तक, बिळात राहणाऱ्या मार्मोटच्या झोप न येणाऱ्या पिल्लाचं; त्याच्या पानांचे फोटो तुझ्याकडे, पुस्तक आमच्याकडे. पिल्लू अकमराल, आई तू, बाकीचे सगळे मी. मागे भांड्यांचा आवाज होत असताना तू, कँटीनच्या कोपऱ्यातून, आई मार्मोटची वाक्यं इतकी सावकाश वाचलीस. तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ उचलली नाही.

काल तुरातने सांगितलं. तो फोटो संस्थेने सगळीकडे पसरवला आहे. खाली लिहिलंय, ‘आई-बाबांसोबत आम्ही रोज वाचतो.’ तुझ्या कँटीनमध्ये तो प्रत्येकीच्या फोनवर फिरला, आणि कुणीतरी सगळ्यांसमोर तुला विचारलं, “काय गं, मुलगी दत्तक दिलीस की काय?” तू हातातली थाळी खाली ठेवून बाहेर गेलीस, एवढंच त्याने सांगितलं. मग मला कळलं की गेले तीन रविवार फोन का आला नाही. मी समजत होते तुझी पाळी बदलली. झिबेक, त्या बाईच्या मांडीवर तिला दुसऱ्या कुणी नाही, मी हसवलं, आणि तेही तुझं नाव घेऊन. ती तुला विसरलेली नाही. गेल्या रविवारी फोन आला नाही म्हणून आम्ही दोघींनीच ते पुस्तक उघडलं; तुझं वाक्य आलं तेव्हा मीच वाचायला घेतलं, तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला, म्हणाली, “ते तुझं नाही,” आणि पान उलटू दिलं नाही. माझ्यावर हवं तितकं रागाव, वर्षभर माझ्याशी बोलू नकोस. पण हे पत्र मिळालं की येणाऱ्या रविवारी फोन कर. मी उचलला तरी तू काही बोलू नकोस, मी लगेच तिच्या हातात देईन आणि दार ओढून बाहेर जाईन.

तुझीच,
अपराधी अपा