बाईंनी लावलेली ओळ

बाई, त्या दिवशी तुम्ही फळ्यावर पाच शब्द एकाखाली एक लिहिलेत. कीव, दया, सहानुभूती, कणव, करुणा. मग विचारलंत, "या सगळ्यांचा अर्थ एकच, असं कोणाला वाटतं?" अख्ख्या नववीने हात वर केला. तुम्ही खडू ठेवलात आणि म्हणालात, "प्रत्येकाचं एकेक उदाहरण लिहून आणा. पुस्तकातलं नको, डोळ्यांनी पाहिलेलं."

मी आणलं नाही. माझी गृहपाठाची सवयच सुटली होती. वडील वेल्ह्याच्या कचेरीत कामाला होते, ते शिमग्यात गेले, आणि जूनमध्ये शाळा उघडल्यापासून मी नुसती मान खाली घातली की काम भागायचं. गणिताचे सर वही न बघताच पुढे सरकायचे, मैत्रिणी डब्यातली भजी माझ्यापुढे ढकलायच्या. खरं सांगते, मला ते आवडायला लागलं होतं, भजी तर फारच. तुम्ही मात्र माझ्या बाकापाशी थांबलात. मी मान खाली घातली. तुम्ही तशाच उभ्या. मी आणखी खाली घातली. "मोडेल मान," तुम्ही म्हणालात. "वडील गेले त्याचं मलाही वाईट वाटतं. पण त्यांच्या नावावर गृहपाठ किती दिवस बुडवणार? मी कोणाची कीव करत नाही, आणि माझी केलेलीही मला चालत नाही. उद्या वही पाहिजे." मी रडत घरी गेले. आई म्हणाली, "मास्तरीणबाई लई कडक हायेत," आणि चुलीत फुंकर घालून पुढे म्हणाली, "वही लिव."

त्याच रविवारी आमच्याकडे भाताची लावणी होती. आमच्याकडे लावणी सावडीवर चालते. आज तुम्ही आमच्या खाचरात, उद्या आम्ही तुमच्या. वडील नव्हते, म्हणून त्या वर्षी आमच्याकडून परतफेडीला एकच माणूस, आणि येणारेही बेताचेच. माझी चुलती सकाळपासून छत्री घेऊन बांधावर उभी होती. "च्च, कसं व्हायाचं गं हिचं!" असं दर पाच मिनिटांनी म्हणायची, पण पाऊल काही चिखलात घालत नव्हती. तेवढ्यात मार्गासनीच्या फाट्यावर एसटीतून उतरून तुम्ही चालत आलात. चपला बांधावर काढल्यात, पदर खोचलात आणि गुडघ्यापर्यंत आत गेलात.

"बाई, तुमी कशाला?" आई घाबरलीच.

"मला शिकवा," तुम्ही म्हणालात. "मी नववीत आहे असं समजा."

आईने शिकवलं. पण लावणी करताना मागे मागे सरकायचं असतं, आणि तुम्ही वर्गातल्यासारख्या पुढे पुढे निघालात, स्वतः लावलेलं स्वतःच तुडवत. आईने तुम्हाला दोन्ही खांद्यांना धरून उलटं फिरवलं. तुम्हाला कोणी असं फिरवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं आणि आठवडाभराचं रडणं विसरून हसले. चार वाजेपर्यंत तुमची एक ओळ झाली. तुम्ही तिच्याकडे वळून वळून बघत फाट्याकडे गेलात.

एसटी वळणाआड गेली आणि तुमची रोपं एकेक करून पाण्यावर तरंगायला लागली. अंगठ्याने दाबायचं असतं, ते तुम्ही केलंच नव्हतं. आईची कंबर दिवसभरात मोडली होती. तरी ती पुन्हा आत उतरली आणि सगळी ओळ नव्याने लावत गेली.

"बाईस्नी सांगू नगं," ती म्हणाली.

"का गं?"

"आल्या न्हवं त्या."

सावड फेडावीच लागते. दिवाळीच्या सुट्टीत आई मला घेऊन भोरला तुमच्या घरी आली. तुम्हाला ना शेत ना गुरं. आईने तुमच्या स्वयंपाकघरात बसून तपासलेल्या पेपरांचे गठ्ठे सुतळीने बांधले, वर दोन जुड्या मेथी निवडली आणि निघताना म्हणाली, "तुमची वळ लई दाट आली, बाई." तुमचा चेहरा काय फुलला! त्यानंतर दर वर्षी नववीला तुम्ही त्या ओळीची गोष्ट सांगत राहिलात. माझ्या वर्गात दहावीलाही सांगितलीत, आणि मी मान खाली घालून ऐकली.

पुढे वडिलांच्या जागी मी वेल्ह्याच्या कचेरीत लागले. अनुकंपा तत्त्वावर. तुम्हाला पेढे द्यायला आले तेव्हा तुम्ही पोटभर हसलात. "हा सहावा शब्द गं. याला अर्ज करावा लागतो!"

मग तुम्ही अंथरुणाला खिळलात. मी दोनदा भोरच्या स्टँडपर्यंत येऊन परत गेले. माझ्या तोंडावर कीव दिसेल आणि तुम्ही मला हाकलून द्याल, अशी भीती वाटायची. तिसऱ्यांदा आले. तुम्ही हाताने जवळ बोलावलंत आणि विचारलंत, "तू खोटं बोलत नाहीस. सांग, माझी ओळ खरंच आली होती?"

मी म्हणाले, "व्हय बाई. लई दाट."

त्यानंतर आठ दिवसांनी तुम्ही गेलात. त्याला आता बारा वर्षं झाली, आणि मी अजून ठरवू शकलेले नाही की त्या वेळी मी काय केलं. कीव केली असेल, तर तुम्हाला नेमकं जे चालत नव्हतं तेच मी तुम्हाला शेवटचं दिलं. याने मला छळलंय, बाई. परवा लावणीच्या वेळी आई बांधावर बसली होती, आता तिला खाचरात उतरवत नाही. न राहवून मी तिला सगळं सांगितलं.

"खोटं कुठं बोल्लीस?" आई म्हणाली. "कडंची चार रोपं म्या तशीच ठिवली हुती. बाईंच्या हातची. वाकडी हुती, पन आली."

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच चिखलात बसकण मारली. मग तिच्या तोंडाकडे बघितलं. ती खाचराकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

तेव्हा कसाबसा उरकलेला तो गृहपाठ मी आज नीट लिहितेय. पाच शब्दांपुढे पाच उदाहरणं लिहायची होती, माझी पाचही माणसंच निघाली. कीव म्हणून चुलती लिहिली, दया म्हणून गणिताचे सर, सहानुभूती म्हणून मैत्रिणी, कणव म्हणून तुम्ही. शेवटच्या शब्दापुढे आईचं नाव लिहायचंय. पण त्यासाठी ती चार रोपं खरोखर होती, की माझ्यासाठी तिने ती परवा बांधावर बसून लावली, ते तिला विचारायला हवं. मी विचारलं नाही, बाई. आणि विचारणारही नाही.